पोतंभर निळं

"हा स्वेटर आहे की चेष्टा?" मालकांनी स्वेटर खांद्यांना धरून सगळ्यांपुढे उंच केला. "अंग एका रंगाचं आणि बाह्या दुसऱ्याच. नर्स हा घालून वॉर्डात गेली तर पेशंट विचारेल, सिस्टर, हात कुणाचे लावून आलात?"

एरवी अशा वाक्यावर कारखान्यात हशा पिकला असता. आज कुणी हसलं नाही. दाराजवळ परत आलेल्या सुताचे बावीस खोके एकावर एक रचलेले होते आणि सगळे जण त्या खोक्यांकडे न बघण्याची खटपट करत होते.

मास्तरीणबाई नेमक्या त्याच वेळी दारात पोचल्या. लेकीचं बाळंतपण करून तीन आठवड्यांनी परत येत होत्या. खरं तर बसमधून उतरून आधी घरी जायचं, पण त्यांचे पाय घराकडे वळलेच नाहीत. तिकडे नातवाला न्हाऊ घालतानाही त्यांच्या मनात एकच घोर होता, की इकडे ढीग कसे लागत असतील. आता प्रवासाची पिशवी हातात तशीच धरून त्यांनी त्या बाह्यांकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. अंग त्या जाण्याआधीच्या सुताचं होतं, बाह्या त्या गेल्यानंतरच्या.

हवा होता पारवा, कबुतराच्या पंखासारखा राखाडी. बाह्यांत निळं जास्त झालं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं मूठमूठ.

या कारखान्यात लोकांनी टाकून दिलेले लोकरी कपडे येतात. कोट, स्वेटर, मफलर, ब्लँकेटं. त्यांची बटणं, चेन, अस्तरं काढायची, रंगारंगाचे ढीग करायचे, मग फाडणीच्या मशीनमधून काढून त्यांची पुन्हा लोकर करायची, ती पिंजायची आणि तिचं नवं सूत काढायचं. रंगाचा थेंब नाही, पाण्याची बादली नाही. गिऱ्हाइकाला जो रंग हवा तो जुन्या कपड्यांतूनच जमवायचा. इतके किलो काळे, इतके पांढरे, चार निळे, एखादा तपकिरी, असं मिसळून सगळं एकजीव झालं की कोणता रंग येईल, हे आधी डोळ्यापुढे दिसावं लागतं. ज्याला ते दिसतं तो शेडमास्तर. मोठ्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी त्याचं उंच स्टूल असतं आणि त्या स्टुलावर दुसरं कुणी बसत नाही.

गेली एकतीस वर्षं त्या स्टुलावर मास्तरीणबाईंचे यजमान बसत होते. ते मास्तर, म्हणून या मास्तरीणबाई. बाईंचं स्वतःचं काम बटणं कापायचं. त्या कामाला नाव नव्हतं, म्हणून त्यांनाही नवऱ्याच्या हुद्द्यावरूनच नाव पडलं होतं.

"एकतीस वर्षांत माझा एक लॉट परत आलेला नाही," मास्तर म्हणत होते. हे वाक्य ते वर्षातून चाळीसेक वेळा म्हणत, पण आज त्यांचा आवाज चढला होता. "शेड माझी बरोबर होती. पारवा मला झोपेतही लावता येतो. याआधी मशीनवर गडद निळा चालला होता, ते मशीन नीट साफ झालेलं नाही. निळ्याचे धागे यात आले. दुसरं काही नाही."

सगळ्यांच्या माना ससोबाकडे वळल्या.

ससोबा फाडणीच्या मशीनवर होता. उंची सहा फूट, वजन विचारूच नका. पण दिवसभर लोकरीचा भुगा अंगावर उडून डोक्यापासून पापण्यांपर्यंत तो पांढराशुभ्र व्हायचा, म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला ससोबा म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

"साफ केलं होतं मालक," तो म्हणाला. "दोन तास हवा मारली होती."

"मग काय मास्तर खोटं बोलतात?"

ससोबाने एकदाच बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"गिऱ्हाइकाने दहा दिवस दिलेत," मालक म्हणाले. "दहा दिवसांत बरोबर रंगाचं सूत मिळालं नाही तर ते रंगवलेलं सूत घेणार, आणि मीही मागच्या शेडमध्ये रंगाच्या टाक्या बसवणार. ही डोकेदुखीच नको. आणि ससोबा, उद्या हिशेब करून घे. मला मशीनवर लक्ष देणारा माणूस पाहिजे."

एवढं बोलून त्यांनी स्वेटर खोक्यावर टाकला आणि ते निघून गेले.

बाई आपल्या टेबलापाशी गेल्या. टेबल मास्तरांच्या ढिगाच्या आणि ससोबाच्या मशीनच्या बरोबर मधे होतं. टेबलाखाली त्यांचं बसायचं पोतं होतं, कपड्यांनी गच्च भरलेलं. त्यावर त्या आठ महिने बसत होत्या आणि त्याच्या आत काय आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला दुसरा ससोबा.

त्या त्याच्याकडे गेल्या. तो मशीनची जाळी उगाचच पुसत होता.

"भाऊ, तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलायचं वहिनी?"

"पोत्याचं."

"मी फाडणीवाला. कपडे फाडतो, दुसऱ्याचा संसार नाही." त्याने फडकं झटकलं. "तुम्ही गेल्यावर माझ्या लक्षात आलं होतं की ढिगात निळं जास्त येतंय. एकदा वाटलं आपणच दोन कोट काढावेत. पण किती काढायचे ते मला काय कळतंय? ते तुम्हालाच कळतं."

बाईंनी टेबलाखाली बोट दाखवलं. "संध्याकाळी हे पोतं सायकलवर घालून घरी पोचवाल?"

"पोचवतो की. उद्यापासून मला तेवढंच काम आहे," ससोबा म्हणाला आणि स्वतःच हसला.

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. मास्तर घरातल्या दिव्यावर चिडू लागले होते. उजेड पिवळा पडतोय म्हणून तीन महिन्यांत त्यांनी तीन बल्ब बदलले आणि दुकानदाराशी भांडून आले. एकदा एक मोजा काळा, एक निळा घालून कामावर गेले. बाईंनी ते पाहिलं, पण नवऱ्याच्या मोज्यांवर कोण बोलतं? मग एक दिवस पारव्याचा ढीग बटणांसाठी टेबलावर आला तेव्हा बटणं कापता कापता त्यांचा हात थांबला. निळे कोट दोन जास्त होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, दोन्ही काढले आणि खाली पोत्यात टाकले. सूत निघालं ते अस्सल पारवा. मास्तरांनी त्याचा नमुना हातात धरून सगळ्या कारखान्यात मिरवला. "याला म्हणतात नजर!" म्हणाले. नव्या लोकांना तर मुद्दाम बोलावून दाखवला.

नमुन्याचा खरा कपडा, गिऱ्हाइकाने दिलेला, खिडकीजवळच्या खिळ्याला टांगायची पद्धत होती. ढीग लावताना त्याच्याकडे बघायचं. मास्तरांनी तो कधीच खणात टाकून दिला होता. त्यांना नमुना लागत नसे. पारवा त्यांच्या डोक्यात होता आणि डोक्यातल्या पारव्याशी जुळेपर्यंत ते निळं घालत राहत.

बाईंनी सांगायला हवं होतं. पण नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाला "तुम्हाला दिसत नाही" हे सांगायचं कसं? आज सांगू, उद्या सांगू करता करता आठ महिने गेले. पोतं भरलं की त्या निळ्याच्या ढिगात रिकामं करायच्या आणि पुन्हा भरायला घ्यायच्या.

संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा बाईंनी पोतं खिडकीजवळ उघडून ठेवलं होतं. बाहेर अजून चांगला उजेड होता.

"हे काय घरात आणलंस? चिंध्या कमी पडल्या का दिवसभर?"

"जरा बघा तरी काय आहे ते."

मास्तरांनी वाकून वरचे दोन-चार कपडे उचलले. "कोट आहेत. हा शाळेचा स्वेटर. माल चांगला आहे."

"रंग कोणता?"

"रंग मला विचारतेस?" मास्तर हसले. सवयीने एकेक कपडा उजेडात धरून त्यांनी बाजूला टाकायला सुरुवात केली. "काळा. काळा. हा राखाडी. हा काळाच, जरा विटलाय. हा हिरवट."

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना वाटलं होतं की सांगणं अवघड जाईल. ऐकणं त्याहून अवघड गेलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "सगळे निळे आहेत."

"मस्करी करतेस?"

"एकही काळा नाही त्यात. हिरवा पण नाही. सगळे निळे आहेत आणि सगळे तुमच्या ढिगातले आहेत. आठ महिने तुम्ही जास्तीचं निळं घालताय आणि मी काढतेय. तीन आठवडे मी नव्हते."

मास्तर हातातल्या कोटाकडे बघत राहिले. त्यांनी तो खिडकीच्या अगदी जवळ नेला, मग लांब धरला, मग एक डोळा मिटून पाहिलं.

"म्हणजे ते बल्ब," ते शेवटी म्हणाले.

"चांगले होते. तिन्ही."

"मी त्या दुकानदाराला नाही नाही ते बोललो."

"हो."

मग त्यांचा राग उसळला. तो उसळणारच होता. "आणि तू गप्प बसलीस? माझ्या ढिगाला माझ्या पाठीमागे हात लावलास? एकतीस वर्षांत त्या ढिगाला मालकाने हात लावला नाही!"

"पाठीमागेच लावावा लागला. समोर लावला असता तर तुम्ही ऐकलं असतं?"

मास्तरांनी हातातला कोट खाली टाकला.

"आणि खरं सांगायचं तर," बाई पुढे म्हणाल्या, "फक्त तुमच्यासाठी गप्प बसले असं नाही. मला ते आवडायला लागलं होतं. सगळे तुमच्या नजरेचं कौतुक करायचे आणि मी बटणं कापत ऐकत बसायची. मनात म्हणायची, हे मी केलंय. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं होतं. सांगितलं असतं तर तेही गेलं असतं. म्हणून पण नाही सांगितलं."

मास्तर पोत्याजवळ खालीच बसले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. या बाईला डबा करता येतो, घर चालवता येतं, मिनिटात तीस बटणं कापता येतात, एवढं त्यांना माहीत होतं. तिला पारवा लावता येतो हे त्यांना आज कळत होतं.

"ससोबाला मी घालवला," ते पुटपुटले.

"अजून नाही. उद्या सकाळी हिशेब करायला सांगितलंय."

त्या संध्याकाळी मास्तर जेवले नाहीत. कपडे मात्र त्यांनी स्वतः एकेक करून पोत्यात भरले आणि तोंड सुतळीने आवळलं.

सकाळी ते पोतं त्यांनी खांद्यावर घेतलं. बाईंनी हात पुढे केला तर "राहू दे" म्हणाले. अख्ख्या रस्त्याने, ओळखीची माणसं बघत असताना, शेडमास्तर पोतं वाहत गेले आणि कारखान्याच्या मधोमध ते मालकांच्या पायाशी ठेवलं. ससोबा कपडे बदलून, स्वच्छ अंगाने, हिशेबासाठी उभा होता. भुगा नसला की तो ओळखूच येत नसे.

"मालक, मशीन साफ होतं," मास्तर म्हणाले. आवाज मोठा होता, शेवटच्या टेबलापर्यंत जाईल असा. "चूक माझी आहे. मला निळं दिसत नाही. डोळ्यात काय झालंय ते डॉक्टर सांगतील. एकतीस वर्षांत एकही लॉट परत आला नाही असं मी सांगत फिरतो. त्यातली तीस वर्षं आणि चार महिने माझे. पुढचे आठ महिने हिचे. मी चुकवायचो आणि ही बटणं कापता कापता दुरुस्त करायची. ती गेली आणि बाह्या निळ्या झाल्या."

सगळे मास्तरीणबाईंकडे बघू लागले.

मग मास्तर ससोबाकडे वळले. "भाऊ, काल तुझ्यावर घातलं ते परत घेतो. माफ कर."

"अहो मास्तर, माफ कसलं," ससोबा एवढा गोरामोरा झाला की पुन्हा भुगा पडला असता तर बरं वाटलं असतं त्याला.

मालकांनी कपाळाला हात लावला. "ते सगळं ठीक आहे. पण आता नऊ दिवस राहिलेत. शेड लावणार कोण?"

"जी लावतेय ती," मास्तर म्हणाले.

"बाई," मालकांनी जरा साशंक होऊन विचारलं, "जमेल तुम्हाला?"

मास्तरीणबाईंना आयुष्यात कुणी असं चारचौघांत विचारलं नव्हतं. आजवर त्या अशा वेळी पदर सारखा करून "बघू" म्हणाल्या असत्या. आज त्या म्हणाल्या, "आठ महिने जमतंय."

सगळ्यात आधी त्यांनी खण उघडला, गिऱ्हाइकाचा नमुना काढला, धूळ झटकली आणि तो खिडकीजवळच्या खिळ्याला टांगला. मग परत आलेले खोके उघडायला लावले.

"हे सूत पुन्हा फाडायचं," त्या म्हणाल्या.

"नवं सूत फाडायचं?" मालक दचकले.

"जुने कपडे फाडतो, मग हे काय देवाने दिलंय? यातलं निळं मोडायचं, बाकी सगळं यातच आहे."

त्यांनी पांढरा ढीग मागवला, मग थोडे तपकिरी. चिमूटभर लोकर दोन हातब्रशांवर पिंजून त्या नमुन्याशेजारी धरायच्या, मान हलवायच्या, पुन्हा ढिगाकडे जायच्या. तीन दिवस असे गेले. निळं मरत होतं, पण रंग मेल्यासारखा दिसत होता. चौथ्या दिवशी त्यांनी गंजासारख्या नारिंगी रंगाचा एक जाड मफलर उचलला.

"नारिंगी?" पिंजणीवरची बाई ओरडली. "पारव्यात?"

मास्तर मागे बाकावर बसले होते. काम नव्हतं तरी रोज येत होते. "गप," ते म्हणाले. "ती सांगते ते घाल."

नारिंगी जेमतेम मूठभर घातलं. बाईंनी चिमूट पिंजून नमुन्याशेजारी धरली आणि हात खाली घेतला. पुन्हा वर धरला नाही. ससोबा मशीन चालू करायला गेला तेव्हा त्यांनी मान हलवून परवानगी दिली, जशी एकतीस वर्षं मास्तर देत आले होते.

सूत नवव्या दिवशी गेलं. पंधरा दिवसांनी मालक एक स्वेटर घेऊन स्वतः खाली आले. गिऱ्हाइकाने मुद्दाम अंग जुन्या सुताचं आणि बाह्या नव्या सुताच्या विणून पाठवल्या होत्या. मालकांनी तो एकेकाच्या हातात दिला. "दाखवा मला जोड कुठे आहे." लोकांनी खिडकीत नेऊन पाहिलं, उलटा करून पाहिलं. शिवण दिसत होती, रंगाचा जोड कुणाला सापडला नाही. मालक टाक्यांबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

स्वेटर शेवटी बाईंच्या हातात आला. त्यांनी बाहीवरून हात फिरवला आणि त्यांना इतका अभिमान वाटला की तो लपवायचा कसा हेच समजेना. त्यांनी लपवलाही नाही.

मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनं झाली. दीड महिना ते घरी होते. पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी घरातल्या भिंती पाहिल्या, बाईंची साडी पाहिली, खिडकीबाहेरचं आभाळ पाहिलं, आणि म्हणाले, "बापरे, किती निळं आहे." मग दुकानदाराची माफी मागून आले.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात आले तेव्हा सगळ्यांनी कामं थांबवली. बाई स्टुलावर होत्या. स्टूल मास्तरांच्या उंचीचं होतं, त्यामुळे त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मास्तर रजेवर गेल्यापासून दीड महिना त्या अशाच अधांतरी पाय ठेवून बसत होत्या आणि पाय दुखतात हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांना बघताच त्या उतरू लागल्या.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "आता दिसतंय ना तुम्हाला."

मास्तर स्टुलाजवळ आले. आधी त्यांनी बायकोचे लोंबकळणारे पाय पाहिले. मग ते वळले, बटणांच्या टेबलाखालून ते पोतं ओढत आणलं आणि तिच्या पायांखाली नीट बसवलं.

"टेकव," ते म्हणाले.

बाईंनी पाय टेकवले.

मास्तर बटणांच्या टेबलावर जाऊन बसले. कात्री त्यांच्या बोटांना लहान होत होती, तरी त्यांनी पहिल्या कोटाची चारही बटणं कापली, डब्यात टाकली आणि कोट खिडकीच्या उजेडात धरला. तो स्वच्छ, लख्ख निळा होता, आंधळ्यालाही दिसावा असा.

"मास्तर," त्यांनी हाक मारली.

बाईंनी मागे वळून पाहिलं, कुणाला बोलावतात म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं.

"हा कोणत्या ढिगात टाकू?" नवऱ्याने विचारलं.

सगळा कारखाना ऐकत होता. मास्तरीणबाईंनी कोटाकडे पाहिलं, घाई न करता, जसं पाहायला हवं तसं.

"निळ्यात," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी तो निळ्यात टाकला आणि दुसरा कोट पुढे ओढला.